मॅडम संगं हायत

"पोरगी तुमच्या पदरात घातली बघा, मॅडम," स्वप्नालीची आई म्हणाली आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तिने माझ्या हातात कोंबला. "तुमी संगं हाय म्हणून जिवाला घोर न्हाई."

"काळजी करू नका हो हिराबाई. माझ्या पोरीसारखीच आहे ती," मी म्हणाले.

सकाळचे साडेसहा वाजले होते. एसटी स्टँडच्या सात नंबरच्या फलाटावर आमच्या जिल्ह्याचा मुलींचा कबड्डी संघ उभा होता. बारा मुली, त्यांच्या बॅगा आणि निरोप द्यायला आलेल्या आया. राज्य स्पर्धा खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी होती. संघाबरोबर प्रशिक्षक म्हणून हिंदुराव शेडगे, आणि महिला व्यवस्थापक म्हणून मी, सुरेखा मगदूम, कन्याशाळेची क्रीडाशिक्षिका. माझ्या अंगावर संघाने दिलेला निळा ट्रॅकसूट होता आणि पाठीवर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत 'मॅनेजर' लिहिलेलं होतं. गाडी सुटली तसा मी खिडकीतून सगळ्या आयांना हात केला. हिराबाईंनी दोन्ही हात जोडले.

पंचवीस मिनिटांनी कारखाना फाटा आला.

"मॅडम, तुमचा मुक्काम आला की!" मागच्या बाकावरून स्वप्नाली ओरडली आणि सगळ्या पोरी खिदळल्या.

मी चटणीचा डबा तिच्या मांडीवर ठेवला, शेडगेंना म्हटलं "सांभाळून न्या," आणि खाली उतरले. फाट्यावर माझे यजमान स्कूटर घेऊन उभेच होते. साडेसातला मी घरी पोचून पोहे फोडणीला टाकले.

हे आमचं दरवर्षीचं होतं. मुलींच्या संघाबरोबर बाई असलीच पाहिजे असा नियम होता, आणि नियम चांगलाच होता. पहिली तीन वर्षं मी खरोखर गेलेसुद्धा. शाळांच्या वर्गखोल्यांतून सतरंज्या टाकून पोरींबरोबर झोपले. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि मी जमणार नाही म्हणून कळवलं. तेव्हा संघाचे सचिव नाना थोरवे यांनी तोड काढली. "मॅडम, नाव तुमचंच राहू द्या. नियमाला बाईचं नाव लागतं, बाई लागत नाही." निघायच्या आधी ते दोन कोरे अर्ज आणायचे, मी सही करायची. त्यावर छापलेलंच असायचं, 'मी संपूर्ण काळ खेळाडूंसोबत मुक्कामी उपस्थित होते. निवासव्यवस्था समाधानकारक.' सासूबाई गेल्या, तरी सवय राहिली. बाकीच्या जिल्ह्यांतही असंच चालतं, असं आम्ही एकमेकींना सांगायचो. शाळेतून पाच दिवसांची कर्तव्यरजा मिळायची, ती मी घरात काढायची. त्या वर्षी तर लेकीची दहावीची पूर्वपरीक्षा होती.

फाट्यावर उतरायची कल्पना मात्र माझी. नानांची नाही, शेडगेंचीही नाही. आया स्टँडवर येतात, त्यांना बाई दिसली पाहिजे, एवढाच विचार होता.

स्वप्नाली खराडे तेव्हा एकोणीस वर्षांची होती. आठवीत माझ्या शाळेत आली तेव्हा काटकुळी, केसांत उवा, पण हाताची पकड लोखंडी. मी स्वतः डावा कोपरा खेळायचे, तिलाही डाव्या कोपऱ्यात उभं केलं. घोट्याची पकड मीच शिकवली तिला. "घोटा हातात आला की देव आला तरी सोडायचा नाही," हे माझं वाक्य ती सगळ्या मैदानाला ऐकवायची, माझ्या आवाजाची नक्कल करून. तिला पोलीस व्हायचं होतं. राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं असतं तर खेळाडूंच्या राखीव जागेतून अर्ज भरता येणार होता.

सहाव्या दिवशी दुपारी ती माझ्या घरी आली. लंगडत आली. हातात केळ्याच्या वेफर्सचा पुडा होता.

"काय ग, पायाला काय झालं?"

"मुरगाळला. पयल्याच म्याचला."

"बर्फ लावलास? कुणी बघितला?"

"सरांनी बघितला." ती पुड्याची गाठ सोडत बसली. मग पुन्हा बांधत बसली. "मॅडम, पुढच्या टायमाला तुमी फाट्यावर उतरू नका."

मी हसले. "का ग? माझ्यावाचून करमलं नाही वाटतं?"

"तसं न्हाई."

"मग?"

आतून लेकीने हाक मारली. भूमितीचं प्रमेय म्हणून घ्यायचं होतं. "चहा घे तोवर, आलेच," म्हणून मी आत गेले. प्रमेयाला वीस मिनिटं लागली. बाहेर आले तर स्वप्नाली गेलेली होती. चहावर साय धरली होती. मी वेफर्स डब्यात भरून ठेवले.

मला काही कळलंच नाही, असं म्हणायला मला फार आवडेल. कळलं होतं. काय ते कळलं नव्हतं, पण दारावर कुणीतरी थाप मारली आहे एवढं नक्की कळलं होतं. मी कडी काढली नाही.

दीड महिन्याने नाना थोरवे स्वतः घरी आले. त्यांच्या हातात पाकीट होतं.

"स्वप्नाली खराडेने तक्रार दिलीय. शेडगेंच्या विरोधात," ते म्हणाले. "पाय चोळून द्यायच्या निमित्ताने एकटीला बोलावून... म्हणजे लिहिलंय तिने सगळं. स्पष्ट लिहिलंय. दोन पानं."

मी खाली बसले. पहिल्यांदा मनात आला तो तो चहा.

"आता कायदा आहे म्हटल्यावर समितीपुढे जावंच लागतं," नाना म्हणाले. ते खरं होतं. कायदा आला तेव्हा संघाच्या कार्यालयात समितीचा फलक लागला होता. अध्यक्षा, सदस्या, बाहेरच्या संस्थेची एक प्रतिनिधी, सगळ्यांचे फोन नंबर. दोन वर्षांत त्या फलकाकडे कुणी बघितलं नव्हतं. "तुम्हाला साक्षीला बोलावलंय. तुम्ही तिथे होतात एवढंच सांगायचं."

"पण मी नव्हते, नाना."

"कागदावर आहात."

"तुम्हाला माहीत आहे मी नव्हते. शेडग्यांना माहीत आहे. बारा पोरींना माहीत आहे."

"बाकीच्या अकराजणींनी आम्हाला काही माहीत नाही असं लिहून दिलंय." त्यांनी चष्मा पुसला. "हे बघा मॅडम, तुम्ही नव्हता म्हणालात तर आधी तुमच्या कर्तव्यरजा निघतील. अकरा वर्षांच्या. संस्था तुम्हाला एक दिवस ठेवणार नाही. आणि बाईशिवाय पोरी नेल्या म्हणून आपल्या संघाची मान्यता जाईल. पुढच्या पोरी खेळायच्या कुठे?"

"आणि स्वप्नालीचं काय?"

"तिचं समिती बघेल ना! त्यासाठीच तर कायदा केलाय."

अकराजणींची प्रमाणपत्रं त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होती. हे त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती.

माझे यजमान फार बोलत नाहीत. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "फाट्यावरून मीच आणलं तुला. जा आणि खरं सांग. नोकरी गेली तर गेली, माझा पगार आहे." तेव्हा मला कुणी अडवलं होतं असंही म्हणायची सोय नाही. मी ठरवलं होतं. साडी कुठली नेसायची, वाक्य काय बोलायचं, सगळं ठरवलं होतं. 'मी स्पर्धेला गेलेच नव्हते. माझी सही खोटी आहे.' दोनच वाक्यं. आंघोळ करताना मी ती मोठ्याने म्हणून बघितली.

चौकशी संघाच्या कार्यालयातच होती, सकाळी अकरा वाजता. टेबलामागे समितीच्या तिघी. अध्यक्षा निवृत्त प्राचार्या कोर्टीकर मॅडम. त्यांच्या शेजारी एक सदस्या लिहून घेत होती. आणि बाहेरच्या संस्थेच्या फडतरे मॅडम, वकील. साक्षीच्या वेळी दोन्ही बाजूंना बसायचा हक्क होता, म्हणून डावीकडे भिंतीशी स्वप्नाली बसली होती आणि उजवीकडे शेडगे. स्वप्नालीने माझ्याकडे बघितलं आणि किंचित मान हलवली, सामन्याआधी हलवायची तशी. मला वाटलं, ती म्हणतेय, सांगा.

नाव, वय, नोकरी झालं. मग कोर्टीकर मॅडम म्हणाल्या, "तक्रारीत तुमचा उल्लेख आहे. तुमच्यापुरतं तेवढं वाचते." त्यांनी चष्मा नाकावर घेतला. "'मगदूम मॅडम आमच्यासोबत होत्या. पण त्यांना ताप असल्याने गोळी घेऊन त्या मुलींच्या खोलीत झोपल्या होत्या. म्हणून त्यांना यातले काही कळले नाही. यात त्यांचा काही दोष नाही.' बरोबर आहे हे?"

मी स्वप्नालीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

तिने मला वाचवलं होतं. स्वतःवर गुदरलेलं दोन पानं लिहिताना त्या पोरीने मध्येच थांबून विचार केला होता की मॅडमची नोकरी जायला नको. आणि मला एक ताप देऊन, एक गोळी देऊन तिने निजवून ठेवलं होतं.

आता मी नव्हते म्हणाले तर तिचं लिहिणं खोटं ठरणार. एक वाक्य खोटं तर दोन पानं खोटी. हा विचार माझ्या मनात आला आणि मी त्याला मिठी मारली. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तिच्यासाठीच खोटं बोलायचंय, अशी मी स्वतःची समजूत घातली. माझी दोन वाक्यं घशाशी आली होती, ती मी गिळली.

"हो," मी म्हणाले. "ताप होता मला."

शेडग्यांनी हात वर केला. "मॅडम, मी एक प्रश्न विचारू का?" अध्यक्षांनी मान डोलावली. शेडगे आणि मी एकाच मैदानावर खेळून मोठे झालो होतो. ते मला ताई म्हणत. "ताई, त्या दुपारी तुम्ही मुलींच्या खोलीतच होता ना?"

त्यांनी मला फाट्यावर उतरताना बघितलं होतं. माझी पिशवी खिडकीतून त्यांनीच खाली दिली होती.

"हो."

"मुलीने त्या दिवशी तुम्हाला काही सांगितलं?"

"नाही," मी म्हणाले. त्या खोलीत मी खरं बोललेलं हे पहिलं आणि शेवटचं उत्तर.

मग फडतरे मॅडमनी विचारलं. त्या बाई चांगल्या होत्या. त्यांचा आवाज मऊ होता आणि त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं, हे मला आजही वाटतं. "मॅडम, सामानाची खोली, जिथे प्रशिक्षक खेळाडूंचे पाय वगैरे बघत होते, ती मुलींच्या खोलीपासून किती लांब होती? अंदाजे सांगा."

ती शाळा मी जन्मात बघितली नव्हती. एक मजली होती का दोन मजली, हेही मला ठाऊक नव्हतं. पण पहिली तीन वर्षं मी शाळांमधून राहिले होते. सगळीकडे एकच तऱ्हा असायची. एका वर्गात पोरी, लागून असलेल्या वर्गात सामान आणि सर.

"शेजारीच," मी म्हणाले. "शेजारचाच वर्ग."

स्वप्नालीने झटकन मान वर केली.

"मधे भिंत फक्त?" फडतरे मॅडमनी पुन्हा विचारलं.

"हो. भिंतच."

लिहिणाऱ्या सदस्येने ते लिहिलं. शेडग्यांनी पायावर पाय टाकला.

"स्वप्नाली, तुला मॅडमना काही विचारायचं आहे का?" कोर्टीकर मॅडम म्हणाल्या.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला एकच प्रश्न विचारायचा होता. 'मॅडम, तुम्ही तिथे होता का?' तिने तो विचारला असता तर मी काय बोलले असते, हे मला आजही सांगता येत नाही. तिच्या ओठांची हालचाल झालेली मी बघितली.

"न्हाई," ती म्हणाली. "कायबी विचारायचं न्हाई."

बाहेर व्हरांड्यात हिराबाई बाकावर बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुमी आला, लई उपकार झालं. सगळी उलटली बघा, मॅडम. तुमी तेवढ्या पोरीच्या बाजूनं हुबं ऱ्हायला." त्यांना तेव्हाही वाटत होतं की मी खानदेशात गेले होते. लेकीने आईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

स्वप्नाली मागून आली. "आय, तू फुडं हो. रिक्षा बघ." आई जिन्याकडे गेली तशी ती हळूच म्हणाली, "मॅडम, शेजारी नव्हतं ते. मैदानाच्या पार पलीकडं प्रयोगशाळा हुती, सामान तिथंच ठिवलं हुतं. तिथं नेलं मला. म्हणून तर कुणाला ऐकू आलं न्हाई, असं लिवलंय मी."

"मला काय माहीत ग..." मी म्हणाले.

"व्हय. तुमाला कसं म्हाईत असंल." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी वरडले हुते, मॅडम. तुमी न्हाई हे ठावं हुतं, तरी तोंडात तुमचंच नाव आलं. मॅडम, मॅडम म्हणून वरडले."

मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले. ती सहज, न दाखवता, एक पाऊल मागे सरकली.

"मी आत जाऊन सांगते," मी म्हणाले. "आत्ता जाते."

"नगं. आता काय बी सांगितलं तरी दोघीबी खोट्या ठरू. तुमी घरला जावा."

आणि मी घरी गेले.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. त्याची एक प्रत मलाही मिळाली. 'व्यवस्थापक मुक्कामी होत्या. त्यांच्या साक्षीनुसार सदर खोली निवासकक्षास लागूनच होती. त्यामुळे आरडाओरडा ऐकू न येण्यासारखी परिस्थिती नव्हती. अर्जदाराने अंतराविषयी केलेले कथन विश्वासार्ह वाटत नाही. आरोप सिद्ध होत नाही.' अकराजणींचा त्यात दीड ओळीत निकाल लागला होता. स्वप्नालीची सगळी तक्रार माझ्या एका शब्दावर पाडली होती.

त्या निर्णयाविरुद्ध नव्वद दिवसांत दाद मागता येते, हे मी शोधून काढलं. कॅलेंडरवर नव्वदावा दिवस मोजला. मी खरी हकीकत लिहिली. पहिल्यांदा चार पानं, मग दोन, मग एक. शेवटी 'मी तिथे नव्हते' एवढ्या ओळीवर आणली, सही केली, पाकिटात घातली. ते पाकीट शाळेच्या दप्तरातून रोज माझ्याबरोबर पोस्टासमोरून गेलं आणि रोज परत आलं. यजमानांनी एकदा विचारलं, "टाकलंस?" मी हो म्हणाले. खोट्याची एकदा जिभेला चव लागली की ते घरातही बोललं जातं. नव्वदावा दिवस रविवार होता. मी लेकीच्या पेढ्यांच्या गडबडीत होते.

स्वप्नालीच्या प्रमाणपत्रावर सही व्हायला 'पडताळणी' लागली. भरतीचे अर्ज संपेपर्यंत ती पडताळणी चाललीच होती. ती पुन्हा मैदानावर दिसली नाही. तासगावकडे दिलीय, द्राक्षाच्या पॅकिंगला जाते, असं ऐकलं. शेडगे निवड समितीवर गेले. माझी नोकरी राहिली. पुढच्या वर्षीपासून मी खरोखर सगळ्या स्पर्धांना जाऊ लागले. आता नियम आणखी कडक झालेत. महिला व्यवस्थापकाने मुक्कामाच्या खोलीतून रोज फोटो पाठवायचा, तारखेसकट. फोटोत मी बारा पोरींच्या मधोमध उभी असते. मुलींच्या शिबिरात या कायद्याची माहिती द्यायलाही मलाच बोलावतात, अनुभवी म्हणून. तक्रार कशी करायची, किती दिवसांत करायची, मी सांगते. पोरी वहीत उतरवून घेतात.

या वर्षी स्पर्धा पुन्हा त्याच गावी आली. मुक्काम त्याच शाळेत.

दुपारी पोरी जेवून आडव्या झाल्या होत्या. मी एकटीच बाहेर पडले. मैदान मोठं होतं, मधे कडुनिंबाची चार झाडं. मी पावलं मोजत निघाले. एकशे बासष्ट पावलं झाली तेव्हा प्रयोगशाळेचं दार आलं. परत फिरून खोलीशी आले आणि मयूरीला उठवलं. मयूरी आमची आताची डावी कोपरा.

"तू इथे खिडकीशी थांब," मी म्हणाले. "मी पलीकडून हाक मारते. ऐकू येते का सांग."

"कशाला, मॅडम?"

"थांब म्हटलं ना."

पुन्हा एकशे बासष्ट पावलं. प्रयोगशाळेत जाऊन मी दार आतून लावलं. बाकांवर धूळ होती, एका कोपऱ्यात मोडकी स्टुलं. मयूरीचं नाव घ्यायचं ठरवलं होतं, पण तोंडून आलं नाही. मी भिंतीला पाठ लावली, छातीत मावेल तेवढी हवा भरून घेतली आणि ओरडले.

"मॅडम!"

गळा फाटेपर्यंत तीनदा ओरडले. मग तिथेच थोडा वेळ बसले. कुणी आलं नाही.

मैदान ओलांडून परत आले तेव्हा मयूरी खिडकीशीच उभी होती, गजांना धरून, मी सांगितलं होतं तशी.

"मारली का हाक, मॅडम?" ती म्हणाली. "मी कान दिऊन हुबी हाय मगाधरनं. कायबी ऐकू आलं न्हाई."